पांढरी गाडी घ्यावी की नाही?

आडवाट
गाडी ठरली, इंजिन ठरलं, व्हेरियंट ठरला. घोडं अडलंय रंगावर. घरात बहुमत पांढऱ्याला आहे. गडद निळ्याचा किल्ला मी एकटा लढवतोय आणि तो आता पडायला आलाय.

पांढऱ्यावरचा माझा राग जुना आहे. कुठल्याही पार्किंगमध्ये नजर टाका, पांढऱ्यांचीच रांग. टॅक्सी पांढरी, ऑफिसची गाडी पांढरी, रुग्णवाहिका पांढरी. इतके पैसे मोजून आणलेली गाडी उभी केल्यावर फ्रिजसारखी दिसावी हे मनाला पटत नाही. वर मळखाऊपणाच्या नावाने शून्य. घरच्यांचं म्हणणं असं की पांढरी उन्हात तापत नाही, चरे दिसत नाहीत, अंधारात उठून दिसते आणि विकताना चटकन जाते.

यातलं खरं किती आणि ऐकीव किती? ज्यांनी पांढरी गाडी वर्षानुवर्षं वापरली आहे, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या हाताने धुतली आहे, त्यांनी लिहा. 'आमच्या साहेबांच्या मेहुण्याकडे आहे' छापाचे अनुभवही चालतील, फक्त तसं सांगून टाका.

निळाई
माझा आयडी बघून तुम्हाला वाटलं असेल की एक मत मिळालं. नाही मिळणार. माझी गडद निळी आहे आणि धुतल्या दिवशी तिच्याइतकी देखणी गाडी आमच्या आवारात नसते. पण तो एकच दिवस. दुसऱ्या दिवशी धुळीचा थर, आणि तिरप्या उन्हात बघितलं तर फडक्याने उमटवलेल्या गोल रेघांचं जाळं अख्ख्या बॉनेटवर. डावी बाजू धुऊन उजवीकडे जाईपर्यंत डावीकडचं पाणी वाळून ठिपके पडलेले असतात. काळा आणि गडद निळा हे ज्याला गाडी पुसण्याचं व्यसन आहे त्याचे रंग. माझी पुढची गाडी पांढरी नाहीतर चंदेरी.

धुरळा
पांढरी, साधी पांढरी, पर्ल नव्हे. बरीच वर्षं झाली. धुतो मीच.

'पांढरी लगेच मळते' हे अर्धंच खरं आहे. कोरडी धूळ फिकट असते, ती पांढऱ्यावर जेमतेम दिसते. छप्पर, बॉनेट, दारांचा वरचा भाग हात न लावताही बरेच दिवस खपून जातो. डोळ्यात भरतं ते ओलं आणि काळं. नेमकं कुठे ते सांगतो. आरशाच्या खालच्या कोपऱ्यातून दारावर उतरलेला करडा ओघळ. काचेच्या रबरी पट्टीच्या टोकापासून निघालेला दुसरा. दाराच्या मुठीखाली एक. डिकीवर नंबरप्लेटच्या दिव्यांखाली दोन. रबर जुनं झालं की त्याची काळी भुकटी पाण्याबरोबर खाली येते, म्हणून गाडीचं वय वाढतं तसे ओघळ ठळक होतात. पाऊस थांबल्यावर ओल्या फडक्याने एवढ्याच जागा टिपल्या तरी गाडी धुतल्यासारखी वाटते. वाळू दिलेत तर शाम्पूलाही एका हातात दाद देत नाहीत.

दुसरी जागा चाकांच्या मागची. मडफ्लॅप नसतील तर दाराखालच्या पट्टीवर चिखल आणि डांबराचे काळे शिंतोडे. डांबर साबणाने हलत नाही. टार रिमूव्हर लावायचं, थांबायचं, ठिपका विरघळून खाली सरकायला लागला की मऊ फडक्याने टिपून घ्यायचा. नखाने खरवडणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आणि दार उघडल्यावर दिसणारी चौकट. बाहेरून गाडी चकाचक आणि दार उघडलं की काळी कड. बसणाऱ्याला आधी तीच दिसते.

तिरपागडे
फ्रिजसारखी दिसते ही अडचण असेल तर दारावर चार चुंबकं लावा. (हलके घ्या.)

अवांतर: तुर्कमेनिस्तानची राजधानी अश्गाबात. २०१८ च्या सुरुवातीला तिथे काळ्या गाड्या रस्त्यावरून उचलून नेत असल्याच्या आणि मालकांना त्या पांढऱ्या किंवा चंदेरी रंगवून घ्यायला लावत असल्याच्या बातम्या होत्या. आडवाट, तुमच्या घरातलं बहुमत त्यामानाने फारच सौम्य आहे.

गॅसकेट
उन्हाच्या मुद्द्यावर आकडे उपलब्ध आहेत, तेव्हा 'मला तरी थंड वाटते' वर थांबायला नको.

अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच मॉडेलच्या दोन छोट्या सेडान, एक काळी आणि एक चंदेरी, काचा बंद करून उन्हात उभ्या केल्या. चंदेरीचं छप्पर काळीच्या छपरापेक्षा २५ अंश सेल्सिअसपर्यंत कमी तापलं. आतली हवा, म्हणजे बसलेल्या माणसाच्या नाकाशी येणारी, ५ ते ६ अंशांनी कमी. साधा पांढरा रंग ऊन परत पाठवण्यात चंदेरीच्या तोडीचा, बहुतेक वेळा सरसच असतो, त्यामुळे हा निकाल पांढऱ्याला लावायला हरकत नाही. एसी त्या हिशोबाने लहान बसवला तर इंधनात २ टक्क्यांच्या आसपास बचत होईल, असा त्यांचा अंदाज होता.

आता थंड पाणी. पहिलं म्हणजे हे काळ्याशी तुलना करून आहे. राखाडी, बेज, फिकट निळा यांच्याशी केली तर फरक आक्रसतो. दुसरं, 'छोटा एसी' हा शब्द वाचा. कंपनी पांढऱ्या गाडीला वेगळा एसी बसवत नाही, त्यामुळे ती बचत तुमच्या खिशापर्यंत तशीच्या तशी येत नाही. एसी लवकर गार करतो, इतकंच. तिसरं, गाडीत येणारी बरीचशी उष्णता काचेतून येते आणि काळ्या डॅशबोर्डवर पडते. त्याला बाहेरचा रंग काही करू शकत नाही. पुढच्या काचेला आतून पडदा लावलेली निळी गाडी आणि न लावलेली पांढरी गाडी यांत मी पडदेवालीत बसेन.

आणि हल्ली जे पांढरं अंग आणि काळं छप्पर निघालंय ना, त्यात सर्वात जास्त ऊन खाणारा भागच काळा केलेला असतो. दिसायला झकास. उन्हाचा मुद्दा मग विसरायचा.

आडवाट
गॅसकेट, काळ्या छपराचं नेमकं वर्मावर बोट ठेवलंत. 'पांढरी घेऊ, पण छप्पर काळं' असा तह होत आला होता.

वंगण
रंगकामात आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

पांढरा हा गाडीवर चढवायला कष्टाचा रंग आहे. काळ्यात काजळी असते, ती प्रकाश गिळते, म्हणून पातळ हातातही खालचं झाकलं जातं. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते प्रकाश गिळत नाही, उधळून परत पाठवतं. खालचा प्रायमर पुरता झाकायचा तर थर जाड लागतो किंवा हात जास्त मारावे लागतात. पूर्वी शिशाचा सफेदा असायचा, तो विषारी. टायटॅनियमचा कारखानदारी माल १९१६ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे सगळा पांढरा रंग त्याच्यावरच आला.

पत्र्यापासून वर मोजलं तर गंज अडवणारा ई-कोट, मग प्रायमर, मग बेस कोट, वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरचा दहावा-सातवा हिस्सा. साध्या पांढऱ्यात काही गाड्यांना वेगळं क्लिअर नसतंही, रंगातच चकाकी असते. अशा गाडीला रबिंग करताना फडक्यावर पांढरं उतरतं. घाबरायचं नाही, पण तो रंगच जातोय हे लक्षात ठेवून हात आवरायचा.

आता खरा मुद्दा. तुम्ही सगळे 'पांढरा' म्हणताय आणि शोरूममध्ये निदान दोन पांढरे असतात. साधा (सॉलिड) आणि पर्ल. पर्लमध्ये खाली पांढरा थर, त्यावर अभ्रकाच्या बारीक चकत्यांचा अर्धपारदर्शक थर, त्यावर क्लिअर. अभ्रकाच्या चकत्यांवरही टायटॅनियमचाच पापुद्रा असतो, त्यामुळे उन्हात कडांना निळसर, सोनेरी झाक येते. देखणा असतो, वाद नाही. पण ठोकला की रडवतो. मधल्या थराचे हात एकाने कमी-जास्त झाले, गनचं प्रेशर बदललं, तरी शेड बदलते. चांगला पेंटर आधी नमुन्याच्या पत्र्यांवर एक हात, दोन हात, तीन हात मारून गाडीशी लावून बघतो. आणि नुसतं दार रंगवून भागत नाही. पुढचा फेंडर आणि मागचं दार यांच्यावरही रंग विरत न्यावा लागतो, तेव्हा डोळा फसतो. म्हणजे ठोकलं एक पॅनेल आणि रंगली तीन.

साधा पांढरा ठोकला तर त्या मानाने कामाला सोपा. हे मी पेंटर म्हणून माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

धुरळा
वंगणकाका, अनेक आभार. ही पर्लची भानगड विकणारे कधीच सांगत नाहीत.

मग हेही सांगा, माझ्या गाडीचा मागचा बंपर बाकी अंगापेक्षा किंचित पिवळसर वाटतो. गाडी कधी ठोकलेली नाही. बायको म्हणते डोळे तपासा.

वंगण
डोळे ठीक आहेत. बंपर प्लॅस्टिकचा. बऱ्याचदा तो वेगळ्या ठिकाणी, कमी तापमानाला भाजलेल्या आणि लवचिकपणा राहील अशा रंगाने रंगवून येतो. पत्र्यावरचा रंग जास्त तापमानाला भाजतात. नवीन असतानाही शेड केसभर वेगळी असू शकते, आणि म्हातारपण दोघांना वेगवेगळं येतं. हा फरक इतर रंगांतही असतो, पण पांढऱ्यात पिवळेपणाचा अंशही डोळा पकडतो. त्यात मागच्या बंपरवर सायलेन्सरची काजळी बसते. आधी ती साफ करून बघा, मग पिवळा म्हणा.

केतकी
सुरक्षिततेबद्दल कोणी बोललंच नाही अजून. ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाच्या अपघात संशोधन केंद्राने २००७ मध्ये पोलिसांकडे नोंद झालेल्या अपघातांवरून रंगांची तुलना केली होती. पांढऱ्याच्या तुलनेत दिवसाउजेडी काळ्या गाडीचा अपघाताचा धोका १२ टक्क्यांनी जास्त, राखाडीचा ११, चंदेरीचा १०, निळ्या आणि लाल गाडीचा ७ टक्क्यांनी. पांढऱ्यापेक्षा ठळकपणे सुरक्षित ठरलेला रंग त्यांना सापडला नाही.

आडवाट, ७ टक्के तुमच्या निळ्यावर आहेत.

गॅसकेट
केतकीताई, तो अभ्यास वाचला आहे, चांगला आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा ठेवा. २००३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमधला अभ्यास छापून आला होता. त्यात चंदेरी गाडीतल्या माणसाला गंभीर इजेचा धोका पांढऱ्या गाडीतल्यापेक्षा निम्म्याच्या आसपास निघाला. एकात चंदेरी पांढऱ्यापेक्षा वाईट, दुसऱ्यात कितीतरी चांगली. पद्धती वेगळ्या आणि मोजलेली गोष्टही वेगळी, एकात अपघात, दुसऱ्यात इजा. पण यावरून रंग निवडायचा म्हणजे जरा जास्तच होतं. दिवसा दिवे चालू ठेवण्याने जो फरक पडेल तो घ्या आणि रंग आवडीने घ्या.

केतकी
त्यातला एक तरी मुद्दा दोन्हीकडे टिकतो, काळा कुठेच जिंकत नाही. पण मान्य, पांढरं म्हणजे कुठेही दिसणारं असं नाही. धुक्यात आणि बर्फात पांढरी गाडी पार्श्वभूमीत विरघळते. मे २०१६ मध्ये फ्लोरिडात टेस्लाची गाडी आडव्या आलेल्या ट्रेलरखाली घुसली होती, तेव्हा कंपनीने हेच म्हटलं होतं: उजळ आकाशापुढे ट्रेलरची पांढरी बाजू ना चालकाला दिसली ना गाडी चालवायला मदत करणाऱ्या ऑटोपायलट यंत्रणेला. पुढे तपास यंत्रणेने चालकाचं ऑटोपायलटवर विसंबणं आणि ट्रकवाल्याने वाट न देणं यांवर बोट ठेवलं, रंगावर नाही. तरी सांगायचं ते एवढंच की मागे काय आहे त्यावर दिसणं अवलंबून असतं. गर्द झाडी किंवा डांबर मागे असेल तर पांढऱ्याला तोड नाही. धुक्यात दिवे लावा, 'माझी पांढरी आहे, दिसते' या भ्रमात राहू नका.

तिरपागडे
आणि रात्री? रात्री सगळ्या गाड्या दिव्यांच्याच रंगाच्या. 'अंधारात उठून दिसते' हे आडवाटांच्या घरचं वाक्य बिनदिव्याच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीपुरतं खरं आहे.

पानाआड
माझी जागा झाडाखाली. पर्याय नाही. त्यामुळे या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकते.

पक्ष्यांची विष्ठा पांढऱ्यावर कमी दिसते हा गैरसमज आहे. पांढरा भाग दिसत नाही, बाकीचा दिसतो. पण गडद रंगापेक्षा एका बाबतीत पांढरा बरा. विष्ठेने आणि चिकाने रंगाला होणारी इजा तापलेल्या पत्र्यावर जास्त होते, आणि पांढरा पत्रा कमी तापतो. पुसताना आधी ओलं फडकं वर ठेवून द्यायचं, भिजलं की उचलायचं. कोरडं पुसलंत तर त्यातले खडे रंगावरून फिरतात.

कुजकी पानं मात्र पांढऱ्याची वैरीण. बॉनेट आणि काचेमधल्या खोबणीत ओली पानं अडकली की तपकिरी डाग उतरतात. जितके दिवस राहतील तितका डाग चिवट.

किड्यांबद्दल एक गंमत वाचली होती. हंगेरीच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की पाण्यात अंडी घालणारे कीटक लाल आणि काळ्या गाड्यांकडे ओढले जातात, कारण त्यांच्या पृष्ठभागावरून येणारा प्रकाश पाण्यासारखा आडवा ध्रुवित (एकाच पातळीत कंप पावणारा) असतो. त्यांना गाडी म्हणजे तळं वाटतं. पांढऱ्या आणि पिवळ्या गाड्या त्यांना फसवत नाहीत. अर्थात वेगात समोरून येऊन आपटणाऱ्या किड्याला रंग विचारायची सवड नसते, आणि पांढऱ्या बंपरवर तो मेलेला फार ठसठशीत दिसतो.

निळाई
पानाआड, किड्यांचं भारीच!

माझा प्रश्न वेगळा. मैत्रिणीच्या पांढऱ्या गाडीवर मागच्या बाजूला बारीक बारीक नारिंगी ठिपके आलेत. टाचणीच्या टोकाएवढे. गाडी फारशी जुनी नाही. ती म्हणते गंज लागला, कंपनीशी भांडायला निघाली आहे. तिला थांबवू का?

वंगण
थांबवा. शंभरातल्या बहुतेक वेळा तो गाडीचा गंज नसतो, बाहेरून आलेल्या लोखंडाचा असतो. ब्रेक लागताना डिस्क आणि पॅडमधून लोखंडाचे तापलेले कण उडतात, रेल्वेच्या रुळाजवळ तर फारच. ते क्लिअरमध्ये रुततात आणि तिथेच गंजतात. काळ्या गाडीवरही तितकेच असतात, दिसत नाहीत इतकंच. हात फिरवलात तर खरखर लागते.

यावर आयर्न रिमूव्हर म्हणून द्रव मिळतो. गाडी सावलीत, पत्रा गार असताना, आधी नीट धुऊन घ्यायची. मग फवारायचा. लोखंडाशी भेट झाली की तो जांभळा होतो आणि पांढऱ्या दारावरून जांभळे ओघळ उतरायला लागतात. बघण्यासारखा प्रकार असतो. वास मात्र भयंकर, नाक झाका, हातमोजे घाला. वाळू द्यायचा नाही, बाटलीवर लिहिलेल्या वेळात भरपूर पाण्याने धुऊन टाकायचा. उरलेले चिवट कण क्ले बारने (चिकणमातीसारखी मऊ वडी), भरपूर ओलं ठेवून. घासून काढायला जाल तर कण निघेल आणि चरा राहील.

ठिपका फुगलेला असेल, भोवती रंग उचललेला असेल, तर मात्र तो आतून आलेला गंज. मग भांडायला जाऊ द्या.

धुरळा
हाच पांढऱ्याचा मोठा गुण आहे आणि लोक त्याला दोष म्हणतात. दगडाने टवका उडाला, गंज सुरू झाला, कुठे तेल झिरपलं, पांढऱ्यावर लगेच कळतं. गडद गाडीवर फोड आल्यावर कळतं.

उलट बारीक चरे तो लपवतो. आडवाटांच्या घरच्यांचं हे मत बरोबर आहे. वरच्या क्लिअरमधली रेघ काळ्यावर ऊन पकडून चमकते, पांढऱ्यावर खालचाच प्रकाश इतका असतो की ती बुडून जाते. खोल चरा, जिथे खालचा करडा प्रायमर किंवा काळं प्लॅस्टिक उघडं पडतं, तो मात्र पांढऱ्यावर शाईने ओढल्यागत दिसतो. विशेषतः बंपरचे कोपरे.

पोचे पण कमी कळतात. पोचा दिसतो तो प्रतिबिंब वाकडं झाल्यामुळे, आणि पांढऱ्यात प्रतिबिंबच फिकं.

गॅसकेट
म्हणूनच वापरलेली पांढरी गाडी विकत घेताना जास्त सावध राहा. पोचे लपतात, पॉलिश करून चरे लपतात. भर उन्हात बघू नका, डोळे दिपतात. ढगाळ उजेडात किंवा सावलीत, दूर उभं राहून एका अंगाने सगळी पॅनेलं बघा, एखादं निळसर किंवा पिवळसर वाटलं की थांबा. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. सगळीकडे १२० च्या आसपास आणि एका दारावर ३०० मायक्रॉनच्या वर आकडा आला तर ते दार परत रंगवलेलं आहे, खाली पुट्टीही असू शकते असं समजा.

विक्रीचं म्हणाल तर, पांढरी चटकन जाते हे पटतं, कारण नको म्हणणारं गिऱ्हाईक कमी. जगभरात नव्या गाड्यांत दहाहून जास्त वर्षं पांढरा पहिल्या नंबरावर आहे, रंगकंपन्यांच्या वार्षिक अहवालांत तीनातली एक गाडी पांढरी असं साधारण प्रमाण दिसतं. पण चटकन जाणं वेगळं आणि जास्त भाव येणं वेगळं. आयसीकार्स नावाची अमेरिकन संस्था जुन्या गाड्यांच्या किमतींचा हिशोब करते, त्यात सर्वात कमी घसरण पिवळ्या आणि नारिंगी गाड्यांची येते. त्या मुळात थोड्या असतात आणि ज्याला हवी त्याला तीच हवी असते. पांढऱ्या, काळ्या सरासरीच्या आसपास. बाजारात पांढऱ्या इतक्या की घेणारा म्हणतो, तुमची नाही तर शेजारची.

तिरपागडे
म्हणजे आडवाट, पिवळी घ्या. घरचे पांढरे पडतील.

आडवाट
तिरपागडे 😀

सगळ्यांचे आभार, इतकं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं. घरी धागा वाचून दाखवला. केतकीताईंचे ७ टक्के वाचल्यावर सासऱ्यांनी विजयी मुद्रेने चष्मा काढून ठेवला, गॅसकेट यांचा प्रतिसाद ऐकायला ते थांबलेच नाहीत.

निळा गेला. आता साधा की पर्ल एवढंच उरलंय. मुलीला पर्ल हवा आहे. एक प्रश्न वंगणकाकांना: पांढऱ्या गाड्यांचा रंग पापुद्रे निघून सोलून जातो असं ऐकतो, काही कंपन्यांनी त्यासाठी वॉरंटी वाढवून दिल्याचंही वाचलं. हे पांढऱ्यालाच का होतं?

वंगण
सगळ्या पांढऱ्यांना होत नाही, पण झाल्याच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि कारणही माहीत आहे. उन्हातला अतिनील भाग वरचे थर भेदून खाली पोचला तर ई-कोटचा वरचा पृष्ठ कमजोर होतो आणि त्याची वरच्या थराशी पकड सुटते. मग एखादा टवका उडाला की तिथून मोठमोठे पापुद्रे निघतात, खाली करडा किंवा काळसर ई-कोट दिसतो. रंग स्वतः बरा असतो, पाया सुटलेला असतो. कारखान्यात थर पातळ बसला किंवा मधला प्रायमर वाचवला तर धोका वाढतो. अशा ठिकाणी टचअप करून उपयोग नाही, सुटलेलं सगळं काढून खालपासून करावं लागतं. तुम्ही घेताय त्या मॉडेलची, त्याच रंगाची सात-आठ वर्षं जुनी गाडी शोधून तिचं छप्पर आणि काचेच्या वरची कड बघा. सुटायला बहुधा तिथूनच लागतं.

पर्ल की साधा, हे मुलीला विचारण्यापेक्षा गाडी कोण चालवणार आणि कुठे उभी राहणार हे बघून ठरवा. अरुंद गल्ली, नवशिका चालक, रस्त्यावर पार्किंग असेल तर साधा. स्वतःचं गॅरेज असेल तर घ्या पर्ल, हौसेला मोल नसतं.

गॅसकेट
पुरवणी: बंपरमागे रडार असलेल्या गाड्यांत बंपर परत रंगवताना थराची जाडी आणि रंगातले धातूचे कण यांना महत्त्व असतं, रडारच्या लहरी त्यातून आरपार जायच्या असतात. ॲल्युमिनियमच्या कणांचे मेटॅलिक रंग त्यात जास्त अडचणीचे. साधा पांढरा तिथे निर्धोक, पण जुन्या रंगावर नवा, त्यावर आणखी नवा असं चढवत गेलात तर पांढराही आडवा येतो. कंपनीने किती जाडी चालेल ते दिलेलं असतं, पेंटरला विचारायला लावा.

निळाई
सिरॅमिक कोटिंग करावं का पांढऱ्याला?

धुरळा
केलं होतं. धुवायला सोपं जातं, पाणी पळतं, डांबर लवकर सुटतं. दगडाचा टवका, पोचा, चरा यांना ते अडवत नाही, विकणारा काहीही सांगो. आणि चकाकीचा जो फरक काळ्यावर डोळे दिपवतो तो पांढऱ्यावर शेजारी दुसरी गाडी उभी केल्याशिवाय कळत नाही. बजेट मर्यादित असेल तर त्याऐवजी बंपर, बॉनेटची पुढची कड आणि दाराच्या मुठीखालचा खड्डा एवढ्यालाच पारदर्शक फिल्म लावून घ्या. फिल्म स्वस्तातली नको, पिवळी पडते. आणि पांढऱ्यावर पिवळी फिल्म म्हणजे काय ते आठवड्याभरात शेजारीच सांगतील.

केतकी
एक छोटा तोटा राहिला. भर दुपारी पांढरं बॉनेट चालवणाऱ्याच्या डोळ्यावर येतं. उंच बसायच्या गाडीत जास्त, कारण बॉनेट जास्त दिसतं. मला पहिले काही दिवस त्रास झाला, मग डोळे सरावले. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी न घेता उन्हात घ्या, म्हणजे कळेल.

पानाआड
आणि मॉलच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी ओळखता येणं! मी तर दुसऱ्याच पांढऱ्या गाडीचं दार उघडायचा प्रयत्न करत होते, आत एक आजोबा बसलेले. दोघंही दचकलो. आता मागच्या काचेत हिरवा कापडी बेडूक टांगलाय.

आडवाट
साधा पांढरा, छप्परही पांढरं. ठरलं. आमचं पार्किंग रस्त्यावर आहे आणि मुलगीच गाडी शिकणार आहे, त्यामुळे वंगणकाकांच्या निकषावर तिचं तिनेच मान्य केलं. बदल्यात बेडकाची मागणी आली आहे.

ताब्यात घेताना रंगाच्या बाबतीत काय बघू?

वंगण
संध्याकाळी शोरूमच्या दिव्यांखाली घेऊ नका, त्या दिव्यांत काहीही पांढरंच दिसतं. सकाळी बाहेर काढायला लावा, सावलीत उभी करा. पुढचा बंपर आणि फेंडर जिथे भेटतात तिथे दोन्हींची शेड बघा, मग मागचा बंपर, मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण. दारांच्या कडा, डिकीच्या आतली कड बोटाने चाचपा, रंग पातळ सुटलेला असला तर खालचा करडा डोकावतो. वाहतुकीत खरचटून तिथल्या तिथे टचअप मारलेल्या गाड्याही येतात. तो ठिपका आजूबाजूपेक्षा मंद दिसतो, मोबाईलची बॅटरी तिरपी धरली की सापडतो. काही दिसलं तर सही करायच्या आधी लिहून घ्या.

आणि दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली स्टिकर असतं, त्यावर रंगाचा कोड छापलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. जुन्या गाड्यांत ते वाचता येत नाही आणि मग लोक मला फोनवर सांगतात, 'पांढरा आहे हो, साधा पांढरा.'